चित्रातल्या गळ्यातली डबी

९ जाने., लातूर
यांचं जुनं चित्र नांदेडच्या प्रदर्शनात लागणार. बैठकीतून उतरवलं, भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. लग्नाच्या वर्षी काढलेलं. "तुलाच डोळ्यांपुढं धरून काढलं," म्हणाले होते. आल्यागेल्याला मी अजून तेच सांगते. बाईचं नाक माझ्याहून सरळ आहे, पण चित्रकार सुधारून घेतात म्हणे.

१७ जाने., नांदेड
चित्र साफ केलंय. उदबत्तीच्या धुराचा थर गेला, रंग उजळले. एक प्राध्यापक अर्थ सांगत होते. विझलेली समई म्हणजे विरह. अर्धं दार म्हणजे आशा. ढळलेला पदर म्हणजे समर्पण. (माझा ढळला की मी कमरेला खोचते.) "आणि गळ्यातल्या डबीत प्रियकराची आठवण." टाळ्या.
पुढं जाऊन पाहिलं. दोऱ्यात चांदीची डबी. इतकी वर्षं काजळीत दिसलीच नव्हती. शेजारच्या लिंगायत काकू अशाच डबीतलं लिंग रोज तळहातावर घेऊन पूजा करतात. आमच्यात कुणी घालत नाही.
तेवढ्यात मला स्टेजवर बोलावलं. चित्रातली स्त्री म्हणून. गुच्छ घेतला. हसले पण.

१८ जाने.
परतताना बसमध्ये विचारलं, डबी कुणाची?
"चित्रात काहीतरी घालावं लागतं."
मग लोह्यापासून अहमदपूरपर्यंत झोपेचं सोंग.

२० जाने.
उदगीरला नणंदेला फोन. डबीचं विचारलं. "वहिनी, आता कशाला उकरायलाव? लई जुनी गोष्ट हाय. तिच्या घरचे जातीबाहेर द्यायला न्हाई म्हणले. दादा दोन दिस जेवला न्हाई."
म्हणजे सगळ्या घराला ठाऊक. त्या बाईखाली बसून मी पाहुण्यांना चहा देत होते आणि सांगत होते, ही मीच. लाज वाटते, आणि लाजेहून जास्त राग. तिच्यावर नाही. तिला तरी कुठं काय मिळालं.

२३ जाने.
चित्र परत आलं. खिळा मी आधीच उपटलाय. कपाटामागं ठेवलं, तोंड भिंतीकडे. हे म्हणाले, "तुझं काढतो आता. खरंखुरं."
मला बरं वाटलं. त्याचाच जास्त संताप येतोय.

२५ जाने.
जांभळी इरकल नेसून तासभर बसले. कोळशानं चेहरा उतरवला, सुरकुत्यांसकट. नाक माझंच. मानेपाशी हात थांबला.
"गळ्यात काय काढू?"
मंगळसूत्र घालूनच बसले होते. पदराबाहेर होतं.
उद्या परत बस म्हणतात. अजून हो म्हटलेलं नाही.