पायरी अनावश्यक, काढली

सोमवार, ४
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा आणि चहाचं यंत्र चक्क चालू! बाबांना उठवून, त्यांची गोळी देऊन, पेपरातल्या प्रत्येक बातमीवरचे त्यांचे ताशेरे ऐकून निघाले, तरी वेळेत पोहोचले.

काम मजेचं दिसतंय. हल्ली ऑफिसांची कामं एआय एजंट करतात: बिलं तपासणं, तिकिटं काढणं, पत्रांना उत्तरं देणं. प्रत्येक कामाच्या दहा-बारा पायऱ्या. या कंपनीने ‘कात्री’ नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय. तिला कामाचं उद्दिष्ट सांगायचं; ज्या पायरीवाचून ते अडत नाही, ती पायरी कात्री उडवते. ती कशी वापरायची याचं माहितीपुस्तक मी लिहायचं. माझ्या आधीच्या लेखकाने फक्त मुखपृष्ठ केलंय. ते मात्र छान केलंय.

बुधवार, ६
डोक्याला नुसता ताप. कात्री बनवणारा चष्मेवाला माझ्या प्रत्येक प्रश्नाला, ते उघडच आहे ना, म्हणतो. उघड असतं तर मला पगार देऊन कशाला ठेवलं असतं? साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, त्यालाच विचारा.

इथला नियम असा, की पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण आधी कात्रीत खरोखर चालवायचं. चष्मेवाला एक उदाहरण देईल तर शपथ. शेवटी वैतागून मी माझी सकाळच लिहून काढली: सगळ्यात वर ‘हे करणारी: मी’, खाली उठणे, चहा, बाबांना उठवणे, गोळी, गप्पा, स्टॉपवर थांबणे, बस. उद्दिष्ट: वेळेत ऑफिसला पोहोचणे. कात्रीने गप्पा आणि स्टॉप खोडून शेरा मारला: पायरी अनावश्यक, काढली. आम्ही दोघंही हसलो. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, तिला एकदा घेऊन ये, बघू कोण आधी गप्प होतं ते.

शुक्रवार, ८
आज स्टॉपवर थांबल्याचं आठवतच नाही. दार ओढलं आणि थेट बसमध्ये होते. चष्मेवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, बरं झालं, पाय वाचले.

बाबांशी बोलणंही झालं नाही. त्यांचे ओठ हलत होते, बोट बातमीवर होतं, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. दिवसभर त्याचीच रुखरुख लागली.

सोमवार, ११
कात्री रोज नव्याने छाटते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! उघडच होतं म्हणे. आज ‘गोळी’ खोडलेली. संध्याकाळी घरी बघते, तर गोळी पाकिटात तशीच आणि बाबांचा चेहरा पांढराफटक. मी कधीच विसरत नाही. माझ्याच हातांचा राग आला.

उदाहरण पुसायला गेले, तर साहेबांची मंजुरी लागते. साहेब म्हणाले, मंजुरीची पायरी कात्रीने मागेच काढली, तेव्हा आता मी मंजुरी देऊ शकत नाही. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मी कपाळावर हात मारला.

बुधवार, १३
‘बाबांना उठवणे’ खोडलं.

घरी आले. बाबांची खोली नाही. दार होतं तिथे भिंत. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, तू तर पहिल्यापासून एकटीच राहतेस. मी त्यांच्यावर ओरडले. मग त्यांच्याच खांद्यावर रडले.

गुरुवार, १४
चष्मेवाल्याची कॉलर धरली. तो चाचरत म्हणाला, काढलेली पायरी परत घालता येत नाही, पण उद्दिष्ट बदलता येतं. आणि हे आत्ता सांगतोय! चूक माझीच — ऑफिस हे काय उद्दिष्ट झालं? नवं लिहिलं: बाबा घरी सुखरूप असणे. चालवलं.

शुक्रवार, १५
बाबा आले! खोली, पेपर, खोकला — सगळं. गोळी त्यांनी आपली आपणच घेतली. जीव भांड्यात पडला.

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं नाही. रुसले असतील.

शनिवार, १६
ऑफिसचा लॅपटॉप उघडला, कात्रीतली यादी बघितली. चहा, बस — सगळं खोडलेलं. खोडू दे. नोकरी गेली खड्ड्यात. पण सगळ्यात वरची ओळ, ‘हे करणारी: मी’ — तिच्यावरही रेघ —

हाक मारली. बाबांनी ऐकलं नाही. ते ओट्यापाशी गेले, एकच कप घेतला.

काकू आल्या. बाबा त्यांना म्हणत होते, घर फार शांत वाटतं हो, कशाची कमी आहे तेच आठवत नाही —

मी इथे आहे. बाबा, समोर —

लॅपटॉपची बटणं दबत नाहीत. बोटं — पेन अजून धरता येतंय, जेमतेम — दोन शब्द जास्त लिहिले असते तर — निदान इथे तरी — उद्दिष्ट: घरी बाबा आणि