तीन वर्षांनी धाकटा

कासारवाडी,
ता. १२ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप नानामामांच्या चरणी मालोजीचा साष्टांग नमस्कार. तुमचा उजवा गुडघा (मामींनी पत्रात डावा लिहिलाय, ती चूक) आता कसा आहे? माझी प्रकृती उत्तम, फक्त चार दिवस केळ्यांवर आहे. कारण सविस्तर कळवतो.

यंदा गणपतीच्या मेळ्यासाठी मी भावगीत रचले. कुणापाशी शिकलो नाही हे तुम्ही जाणताच, पण रेडिओ ऐकून एवढे कळले, की या कवींना तपशिलाची पर्वा नाही. प्रेयसी नेहमी सोळाची, अन् पोटापाण्याला काय करते त्याचा पत्ता नाही. माझी नायिका त्रेचाळीस वर्षांची, खाणावळ चालवणारी, आणि तिचा जीव एका फिटरवर! 'तीन वर्षं धाकटा सजणा, तुझ्याच पानी पहिली भाकरी' हे धृपद आमच्या मेळ्यातल्या हिंदुरावाने पेटीवर असे म्हटले, की दोनदा वन्समोअर मिळाला.

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. इथे खाणावळवाली एकच, अंबुबाई (विधवा, हातचे मीठ कधी चुकत नाही). आम्ही कंपनीतले बावीस फिटर तिच्याकडे जेवतो. त्या दुपारी बावीसच्या बावीस इस्त्रीचे सदरे घालून हजर, आणि पहिली भाकरी कुणाच्या पानात पडते ते बघत बसलेले. चोविशीतला भिमाजी तर मिशी पिळून बसला होता.

अंबुबाई दुरडी घेऊन आली. "गाणं कुणाचं हाय?" मी उभा राहिलो. "आन् त्यातला धाकटा?" तोही मीच, म्हणालो. मला चाळीस पूर्ण, तिला त्रेचाळीस. तिचा भाऊ यशवंतराव आमच्या टाइम ऑफिसात कारकून आहे, तिचे वय त्यालाच विचारून लिहिले होते.

"त्याच यशवंतानं तुमचंबी सांगितलंय. रजिस्टरात चव्वेचाळीस! धाकटं म्हनं! खोट्या मानसाला माझ्याकडं पान न्हाई."

पहिली भाकरी भिमाजीला गेली. (शाळेत गुरुजींनी माझी उंची बघून चार वर्षे जास्त घातली, तोच दाखला कंपनीत लागला.) मामा, आजवर मला खोटा कुणी म्हटलेले नाही. पण मी डगमगलेलो नाही.

मामींना नमस्कार.
तुमचा भाचा,
मालोजी

ता. क. तुम्ही सुचवलेल्या ओतूरच्या मुलीला नकार कळवा. माझा जन्म तुमच्या घरचा, पत्रिका तुमच्याच ट्रंकेत आहे. ती घेऊन रविवारी या. अंबुबाईने भावाकरवी निरोप धाडलाय, "कागद आना, आन् संगं घरचं मोठं मानूस आना." आमचा पाट लावण्याचे बोलणे तुम्हीच करायचे.

आणखी ता. क. निघण्याआधी पत्रिका एकदा नीट वाचा. तिच्यातही मी मोठाच निघालो, तर ती ट्रंकेतच राहू द्या. तुम्ही मात्र या. धृपद मी बदलतो.