लाईट गेली होती

आबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा बटणांचा फोनसुद्धा नव्हता, त्यामुळे ही लाज तुम्हाला कशी सांगावी तेच कळत नाही. बारावीतली तुमची नात मोबाईलवर एक लढाईचा खेळ खेळते. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. समोरच्यांचा मोठा बुरूज पाडला की जिंकलं. तिच्या संघातली एक मैत्रीण आजारी पडली, म्हणून गेल्या रविवारी तिनं मला घेतलं. किती खूश झालो होतो मी! "तुमी नवीन हाय, पप्पा. आपला बुरूज सोडायचा न्हाय. मारामारी आमी बघतो," एवढंच तिनं शिकवलं.

आणि मी काय करतो? समोरचा अर्धमेला गडी पळताना दिसला की माझे हात शिवशिवतात. त्याच्यामागं धावतो, झाडीत दबा धरलेले तिघं मला लोळवतात, आणि इकडे बुरूज मोकळा. भवानीनगरच्या रानात उसाला पाणी देतानाही मी असाच पाटाची दारं सोडून भटकायचो, पाणी शेजारच्या रानात जायचं. "तुला हितं कशाला उभा केलाय रं?" तुम्ही बांधावरून ओरडायचात. मी फावडं टाकून घरी निघून यायचो. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही न बोलता माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवायचात. माफी म्हणा, समजूत म्हणा, आपल्यात तेवढंच चालायचं.

रविवारी पुन्हा मेलो तेव्हा पोरगी तिच्या खोलीतून फोनवर सगळ्यांदेखत म्हणाली, "पप्पा, कितींदा सांगू, मागं ऱ्हावा की!" पन्नाशीला आलेला मी, तिच्या मैत्रिणी ऐकत होत्या. रागाच्या भरात ऐन खेळात फोनच बंद केला. पाचाच्या चार झाल्या आणि हरल्या. ज्या वरच्या पायरीसाठी त्या कधीपासून झटत होत्या, ती हातची गेली. मग मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणालो, "लाईट गेली गं. वायफाय बंद पडलं." तिच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिनं पंख्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि फोनवर मैत्रिणींना सांगितलं, "पप्पांची चूक न्हाय गं, आमच्यात लाईट गेली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं, आबा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

काल तिनं परत विचारलं, "येताय का पप्पा? एक जण कमी हाय." मी म्हणालो, ऑफिसचं काम आहे. हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून सांगतो. काम काहीच नव्हतं. आधी तिला 'चुकलो' म्हणावं लागलं असतं, आणि ते मला अजून येत नाही.