तालमीपुढची उलटी चावी

बुधवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. नगरपालिकेनं पाणी सोडायचं काम कंपनीला दिलं, आणि दोन दिवसांत वरची पेठ कोरडी. तिकडं जतला लोक टँकरची वाट बघतात. इथं टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला थेंब नाही!

सकाळी कंपनीच्या सुपरवायझरचा फोन. "काका, तालमीपुढची चावी पूर्ण उघडलीय, तरी पाणी येईना." उघडलीय म्हणे! बाकी सगळ्या चाव्या डावीकडं फिरवल्या की उघडतात, ही एकटी बंद होते. पहिल्यापासून उलटी बसलेली. आम्हा जुन्या चावीवाल्यांना हे झोपेतही ठाऊक. पण विचारतो कोण? मी निवृत्त झालो तेव्हा मुख्याधिकारी भर बैठकीत म्हणाले होते, "चावी फिरवायला काय अक्कल लागते?" माझी जागा भरलीच नाही.

तरी गेलो. का गेलो? पेठेतली माणसं आपलीच, म्हणून. सुपरवायझरनं नियम सांगून कंपनीचा नारिंगी टी-शर्ट माझ्या अंगात चढवला. उजवीकडं बारा आटे फिरवले, नळ धो धो सुटले.

तेवढ्यात मुख्याधिकारी आले. टी-शर्टाकडं बघितलं, तोंडाकडं नाही.

"याला म्हणतात कंपनीचा माणूस! आमचे नुसते बसून खायचे."

आणि मी काय बोललो? "व्हय साहेब."

थू! एवढं लिहितोय, तर बायको दारातनं म्हणते, "आवं, त्यो शर्ट तरी काढा की आता."