टोपलीतला रायभोग

शिनोली,
१२ जानेवारी २००५

चि. भरत यास लंकाअक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आणि उद्घाटनाची पत्रिका मिळाली. इकडे सगळं बरं. भात झोडून झालं, हरभरा चांगला आलाय, म्हशीला रेडी झाली. आईचे गुडघे थंडीनं धरतात, बाकी जेवते-खाते.

मंचरला एवढं मोठं डोळ्यांचं हॉस्पिटल, आणि तू त्याचा मॅनेजर! ऐपतवाल्यानं पूर्ण पैसे द्यायचे, नसलेल्यानं जमेल ते द्यायचं, आणि तरी कंपनी फायद्यात. लेन्सही आता तुम्हीच बनवता म्हणे. घोडेगावच्या बाजारात कुणी तुझं नाव काढलं की मी उगाच घासाघीस न करता भाजी घेते.

पेपरात तू म्हणालास, 'लोकांचा विश्वास हेच आमचं भांडवल.' राजा, ते भांडवल कुणी घातलं, ते सांगायला मात्र विसरलास.

आपल्या गावच्या शाळेतलं तुमच्या कंपनीचं डोळे तपासायचं पहिलं शिबिर आठव. आपल्याकडे वैदूकडेसुद्धा कुणी मोकळ्या हातानं जात नाही, नाहीतर औषध लागू पडत नाही म्हणतात. डोळे दाखवायला आलेल्या आईनं फडक्यात रायभोग तांदूळ बांधून आणला होता. तू नवा पांढरा शर्ट घालून टेबलाशी बसलेला, मागं साहेब उभे. म्हणालास, "बाई, ते परत न्या. इथं सगळं फुकट आहे." स्वतःच्या आईला बाई! कंपनीचा नियम होता, कळतं मला. डोळे न दाखवताच ती वळली. फडकं पदराखाली घेऊन घरी आली. मागची रांगही मोडली. लोक म्हणाले, कोंडाबाईच्या लेकानं आईचंच घेतलं नाही, तर आपलं कोण घेणार?

मग आपल्या आळीतला गेणभाऊ तुमच्या मोठ्या डॉक्टरांशी भांडून आला. "आमी भिकारी न्हाई, सायेब. दारात टोपली ठिवा, मग बघा गर्दी." त्यांनी ठेवली. त्यातलं तांदूळ-नाचणी पेशंटच्या स्वयंपाकात जायला लागलं आणि डोंगरातली माणसं खाली उतरली. त्यांचे डोळे उघडलेले बघून मंचरचे कांदा-बटाट्याचे व्यापारी आले, पूर्ण पैसे मोजून. तिथून तुमचं बस्तान बसलं.

आई मात्र गेली नाही. मी मिनतवाऱ्या केल्या. "लेक हात धरून न्याया यील, तवा जाईन," एवढंच तिचं. तू पुण्याहून दिवाळीला यायचास, साडी आणायचास आणि निघता निघता म्हणायचास, "आई, शिबिराला ये गं कधीतरी." कधीतरी!

आता लिहितोस, फीत आईनंच कापायची आणि पहिलं ऑपरेशनही तिचंच. भरत, खरं लिहायला हात उचलत नव्हता, म्हणून मघापासून रेडी आणि हरभरा सांगत बसले.

गेल्या महिन्यात चुलीत आईचा हात भाजला, तेव्हा कुठं ती तयार झाली. तू पुण्याला मीटिंगला गेला होतास. तुझं नाव न सांगता तिला मंचरच्या तुमच्या जुन्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ बॅटरी मारून पाहिलं. म्हणाल्या, मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढून दोन्ही डोळ्यांची नस वाळली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. आधी आणायला हवं होतं.

मी रडले. आई नाही रडली. तिनं विचारलं, "टोपली कुठाय गं?" चाचपडत दाराशी गेली आणि फडक्यातला रायभोग टोपलीत ओतला. मी म्हटलं, आई, काम तर झालं नाही, तांदूळ कशाला? तर म्हणाली, "लेकाच्या दारातनं दोनदा माघारी न्यायचा व्हय?"

मला तुझा राग येतो, आणि तुझं कौतुकही वाटतं. दोन्ही खरं आहे. एवढ्या लोकांना दिसायला लागलं, आणि आपली आई तेवढी राहिली. याचं वाईट मरेपर्यंत वाटेल.

उद्घाटनाला आम्ही येणार नाही. ते आटोपलं की तूच ये. साडी आणू नकोस, तिला रंग कळायचा नाही. दवाखान्यात पेशंटच्याच स्वयंपाकातलं जेवतोस असं लिहिलंस ना? मग आईच्या रायभोगाचा घास तुझ्या ताटात पडला का, एवढंच तिच्याजवळ बसून सांग. रोज विचारते.

तुझी,
लंकाअक्का