गेल्या वर्षभरात पडलात का?

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. घरात सगळे धडधाकट आहेत आणि एकमेकांच्या डोक्यावर बसलेले आहेत. फोन सोडून कागद घेतला, कारण आपल्या घरातला फोन म्हणजे सार्वजनिक नळ. तुझा बाप तो स्पीकरवर टाकतो, स्वतः समोर बसतो आणि तू मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याआधी देऊन मोकळा होतो. तू विचारतेस, आजी, झोप लागते का? तो म्हणतो, मस्त लागते. आडवी होते मी, झोप लागते त्याला. कागदाचं बरं असतं, त्याला स्पीकर नसतो. माझी शाळा चौथीची. पुढे कारखान्यात शर्टांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहून जेवढं वळण लागलं तेवढंच अक्षर. डॉक्टर लोकांचं वाचणारीला ते जड जाऊ नये.

तुझ्या परीक्षेचंच लिहायचं आहे. मागच्या वर्षी म्हाताऱ्यांच्या दुखण्यांवरचा लेखी पेपर तू झोकात काढलास आणि जिवंत म्हातारा समोर बसवला तर आपटलीस. त्या दिवशी फोनवर किती तणतणत होतीस, की तो बाबा सगळं ठीक आहे म्हणाला, मी सगळं ठीक आहे असं लिहिलं, आणि नंतर परीक्षक म्हणतात की त्याचं काहीच ठीक नव्हतं. खोटारडा म्हातारा, असं म्हणालीस. मी तेव्हा हसले होते. का हसले ते आज सांगते.

या खेपेला तू दोन आठवडे रजा काढून आलीस आणि मलाच सरावाची पाटी केलंस. दहा म्हाताऱ्यांची पुरी तपासणी लिहून फाईल द्यायची, त्यात मी पहिल्या नंबरची. पुढच्या खोलीतलं टेबल सरकवलंस, हातांची खुर्ची आणलीस, टेप लावून तीन मीटर मोजलेस आणि फरशीवर खडूची रेघ ओढलीस. ती पुसायला तुझ्या आईला दोन दिवस लागले, ती अजून बोलते त्यावर. मग घड्याळ हातात घेऊन मला ‘अहो आजी’ म्हणायला लागलीस. जिला मी नाक पुसायला शिकवलं ती मला अहो म्हणते म्हटल्यावर मीही सावरून बसले. कुठला महिना, कुठलं साल, कागदावर घड्याळ काढून दाखवा. उठा, रेघेपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा. अकरा सेकंद. तुझ्या बापाने टाळ्या वाजवल्या, जसं काही मी सर्कशीतली वाघीण. तुला हे ठाऊक नाही की तू बापाला सांगताना ऐकलेली तीच चाल मी आदले दोन दिवस, तुम्ही सगळे बाहेर गेलात की, घोकत होते. जाताना भिंत धरून, येताना न धरता. तू परीक्षेची तयारी करत होतीस ना, मग मी का करू नये?

मग तू विचारलंस, गेल्या वर्षभरात कधी पडलात का? मी तोंड उघडायच्या आत तुझा बाप सोफ्यावरून म्हणाला, आई? आई काय पडतेय, ती आम्हाला पाडेल. तुझी आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हसली. तू हसलीस. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. आणि तू लिहिलंस, नाही.

कारखान्यात शेवटची बारा वर्षं मी तपासणीला होते. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा आणि खोट शोधायची. बायका हुशार. तेलाचा डाग पडला असेल तर शर्टाची घडी अशी घालायच्या की डाग बरोबर आत जायचा, वर कॉलर कशी नवरदेवासारखी ताठ. नवीन तपासनीस कॉलर बघून पास करायची. मी आधी घडी मोडायचे. शिव्या खायचे, पण माझ्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही. त्या दिवशी खुर्चीवर मी स्वतःची तशीच घडी घालून बसले होते, आणि तू कॉलर बघितलीस.

तीन वेळा पडले आहे मी, ठमे. पहिल्यांदा न्हाणीघरात, बादलीवर, कोपर सोलपटलं. तुझ्या आईला सांगितलं की दाराची कडी लागली. दुसऱ्यांदा जिन्याच्या खालच्या पायरीवरून, तिथे नुसतीच बसले आणि जणू बसायलाच आले होते अशी खालच्या बाईशी अर्धा तास भाज्यांचे भाव बोलले. तिसऱ्यांदा कपाटासमोर, दुपारी, घरात कुणी नव्हतं. त्या वेळी मात्र उठता येईना. पलंगाच्या पायाला धरून सरकत सरकत उठले. किती वेळ लागला ते विचारू नकोस, तिथे कुणी घड्याळ लावून उभं नव्हतं.

का लपवलं म्हणशील. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आठवतात ना? एकदाच पडल्या. मोडलं काही नाही. पण पोरांनी आधी गॅस बंद केला, मग किल्ली काढून घेतली, मग त्यांना मागच्या खोलीत हलवलं. सगळं प्रेमानेच. जिने चाळीस वर्षं वर्गाला धाकात ठेवलं ती आता खिडकी उघडायलाही परवानगी मागते. बाई पडली की घरातल्या माणसांतून तिचं नाव कमी होतं आणि सामानात वाढतं. तुझा बाप वाईट नाही, पण काळजी करायला लागला की ऐकत नाही. म्हणून म्हटलं, झाकली मूठ बरी.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लिहिताना पेन जरा थांबलं. माझे पाय सुजायचे म्हणून तू मागच्या साली पाण्याची गोळी दिलीस. घरातल्या माणसाला लिहून दिलेली तुझी पहिली गोळी. मी खालच्या बाईपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. पण ती घेतली की दर पंधरा मिनिटांनी लघवीला धावायचं, बागेतल्या बाकावर बायकांशी धड भांडणही पुरं होत नाही. मग मी आपली तोड काढली. तू रविवारी अकराला फोन करायचीस आणि विचारायचीस, गोळी घेतली का? मला तुझ्याशी खोटं बोलवत नाही. म्हणून रविवारी नऊला गोळी घ्यायची, बाकी सहा दिवस ती कुंडीत. हसू नकोस. रोप जगलंय.

आणि मग मी तपासणीच्या बाईसारखा विचार केला. तीन वेळा पडले, तिन्ही वेळा रविवार. एक शर्ट खराब निघाला तर शिवणारीची चूक, तीन निघाले तर यंत्र बघायचं. त्यात परीक्षा जवळ आली आणि रजा संपवून परत गेल्यापासून, गेले दोन आठवडे, तू प्रश्न म्हणून दाखवायला रोज फोन करायला लागलीस. रोज फोन म्हणजे रोज गोळी. रोज गोळी म्हणजे रोज उठलं की डोळ्यांपुढे कुणीतरी दिवा बारीक केल्यासारखं होतं, आणि भिंत हाताला येईपर्यंत जमीन आपली राहत नाही. नातीचा अभ्यास आणि आजीला घेरी. मंगळवारपासून ती गोळी मी बंद केली, आणि तू विचारलंस तेव्हा पहिल्यांदा तुला खोटं सांगितलं, की घेतली. ते मात्र मला पचलं नाही. दोष गोळीचा, की मी ती कधीमधी घेतली त्याचा, की ऐंशी वर्षांच्या पायांचा, ते तू ठरव, शिकलेली तू आहेस. मला फक्त वार कळतो.

पत्र आज लिहायचं कारण, तुझी फाईल पुढच्या गुरुवारी जाते. त्यात माझ्या नावापुढे ‘पडल्या नाहीत’ असं लिहिलंय ते खोड. तीन वेळा, असं लिही. गोळी लिही, आणि ती कुणी दिली तेही लिही. मास्तर लोक यावरून तुला खाली बसवतील की शाबासकी देतील ते मला माहीत नाही, आणि खाली बसवलंच तर पुढच्या वर्षी पुन्हा बस, पण माझं खोटं वर ठेवून पास होऊ नकोस. शनिवारी ये. बापाला गोळ्यांच्या दुकानात पाठव, आईलाही त्याच्याबरोबर धाड, ती गुणी आहे पण तिच्या पोटात काही राहत नाही. दार लावून घे. मग खुर्ची ओढ आणि तोच प्रश्न विचार. पहिल्यांदा विचारशील तेव्हा मी नाहीच म्हणेन, जिभेला वळणच पडलंय तसं. तेव्हा वही मिटू नकोस. जराशी थांब, आणि पुन्हा विचार.

तुझीच,
आजी