एवढासा ‘आ’

तीर्थरूप आईस,

लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर, काळजी करू नकोस. पण आज माझ्या हातून एक चूक झाली, ती तुलाच सांगते.

इथल्या दवाखान्यातले इंग्रजी कागद मी फ्रेंचमध्ये करते, हे तुला ठाऊकच आहे. एका नर्सबाईंनी अडलेल्या बाईची सुटका केली, पण बाळ दगावलं. त्याची चौकशी चालू आहे. त्यांच्या जबाबात इंग्रजी शब्द होता ‘असिस्ट’, म्हणजे बाळंतपणात मदत केली. फ्रेंचमध्ये अगदी तसाच शब्द आहे. मी बिनधास्त तोच लिहिला आणि पुढे एवढासा ‘आ’ जोडला. त्या ‘आ’ने अर्थ झाला, नर्सबाई तिथे नुसत्या हजर होत्या!

सही करायला आल्या आणि कागद वाचून पांढऱ्याफटक पडल्या. “मी काय तमाशा बघत उभी होते? कोपरापर्यंत रक्त होतं माझ्या हातांना!”

कागद तिथल्या तिथे बदलला, पण त्यांनी वाचलाच नसता तर?

तुझ्या गुडघ्याचे टाके निघाले का? ताई उठवते-बसवते ना? मी आपली रोज फोनवर म्हणते, “मदत लागली तर सांग.” आज ते आठवून लाज वाटली. मदतीचं सोड, तुझ्या ऑपरेशनला मी नुसती हजर तरी कुठे होते?

तुझी,
धाकटी